बोअरमधून तेल आलं म्हणे

सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर तोच व्हिडिओ. बोअरच्या तोंडाशी काडी धरली, भपकन जाळ उठला आणि मागून आवाज, "सोलापूर जिल्ह्यात तेलाचा साठा, सरकार दाबतंय, शेअर करा!" पाठवणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोक. काय बे, भूगोलाच्या तासाला कुठं होता?

आपल्या पायाखाली लाव्हा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून आला आणि थिजून काळा पाषाण झाला. तेलाला लागतो समुद्राच्या नाहीतर तळ्याच्या तळाचा गाळ, त्यात गाडले गेलेले सूक्ष्म जीव, वरून ओझं, खालून ऊब. झालेलं तेल धरून ठेवायला सच्छिद्र खडक आणि त्यावर घट्ट झाकण. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडून बघितलं. ३३८ मीटर काळा पाषाण, खाली जेमतेम ८ मीटर गाळ, मग थेट अतिप्राचीन कातळ. किल्लारी काय लांब तिकडं गुजरातेत आहे?

आमच्याही रानात एकदा "तेल लागलं" होतं. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली, तमिळनाडूची बोअर मारायची गाडी रात्रभर धडधडली, नुसता राखाडी भुगा. पहाटे भुगा ओला झाला आणि त्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग! दिवस वर यायच्या आत अर्धं गाव बांधावर. आजीनं हळदकुंकू वाहिलं. मामा गुजरातेत मेहसाण्याला तेलविहिरी खणणाऱ्या रिगवर कामाला, सुट्टीवर आलेला. त्यानं बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. "दाजी, गाडीच्या कंप्रेसरचं ऑइल हाय." वडील त्या दिवशी त्याच्या पंगतीला बसले नाहीत.

सरकार दाबतंय म्हणे! दहा लिटरमागं आठाहून जास्त तेल बाहेरून विकत घेणारा देश घरचं तेल दाबून ठेवील? १९६० साली गुजरातेत अंकलेश्वरला तेल लागलं, तर नेहरूंनी त्या विहिरीला 'वसुधारा' नाव दिलं. तेल लागलं की सरकार ढोल वाजवतं. (बाकी पुष्कळ गोष्टी दाबतं, ते मान्य.) सौराष्ट्र-कच्छकडं लाव्ह्याखाली जाड गाळ आहे, तिथं लोक शोधतातही. असू दे. तो आपल्याकडं नाही.

आणि शोधणं म्हणजे काय, हे मामाला विचारायचं होतं. चौदा दिवस रिगवर, चौदा दिवस घरी. चिखलानं माखलेले पाईप जोडायचे, उतरवायचे, कान गेले तरी ड्युटी चालूच. राजस्थानात बाडमेरला कोरड्या विहिरीमागून कोरड्या विहिरी गेल्या, शेल कंपनीनं आपला वाटा केर्न कंपनीला विकून टाकला, तेव्हा कुठं २००४ ला मंगला हे तेलक्षेत्र सापडलं. तेल यायला २००९ उजाडलं. तेही मेणचट, गार झालं की थिजणारं. गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची पाईपलाईन सगळी गरम ठेवावी लागते. मामाची ती माणसं कुणाच्या स्टेटसला नसतात. काडी लावणारा हिरो!

खरं सांगू, त्या बोअरवाल्या शेतकऱ्यावर राग नाही. आईच्या पाटल्या मोडून बोअर मारलेल्या माणसाला पाणी लागत नसेल तर तो तेलाचं स्वप्न बघणारच. वडिलांच्या डोळ्यांत त्या पहाटे जे होतं ते मला आजही हसण्यावारी नेता येत नाही. मामानंही नंतर चारचौघांत तो विषय कधी काढला नाही.

राग आहे तो मागून येणाऱ्यांवर. आमच्या तवंगाची बातमी पसरल्यावर आठवडा जायच्या आत एक दलाल दारात हजर. "कंपनी येणार, आत्ताच इसार घ्या." वडील सही करायला निघाले होते, मामानं हात धरला. या व्हिडिओमागं पण असलाच कुणीतरी असणार, लिहून ठेवा.

आणि समजा लागलंच तेल, तर? आसामातलं बागजान आठवा. २०२० च्या मे महिन्यात विहीर फुटली, जूनमध्ये पेटली, विझायला नोव्हेंबर लागला. शेजारच्या लोकांची घरं जळाली. तेलाची एवढीच हौस असेल तर सोलापूरजवळ पाकणीच्या तेलडेपोत जाऊन बघा, मुंबईहून पाईपनं येतंय.

ज्यांच्या बोअरला खरंच वास येतोय त्यांनी काडी लावू नका. बाटलीत पाणी भरून भूजल सर्वेक्षणच्या ऑफिसात न्या. आणि कुणी इसाराचे कागद घेऊन आलं तर सही करायच्या आधी मला फोन करा, रात्री अकरा वाजले असले तरी.