दादरचा चार नंबर नेमका कुठला?

विषय काढला पेंटरने. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेली. "डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांना सलग नंबर दिले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच ठेवले, मध्य रेल्वेचे आठ ते चौदा. इतकं शहाणपणाचं काम मी स्टेशनात दुसरं पाहिलं नाही."

अण्णा उसळलाच. "कसलं शहाणपण? मध्यच्या एकला आठ म्हणायचं. डोक्यात पक्कं बसलेलं सगळं पुसलं!"

"तुझ्यासाठी केलंच नाही ते. तुला पाटी लागतेच कुठे, तुझे पाय आपोआप वळतात. पण पहिल्यांदा आलेल्या माणसाला कुणी सांगितलं, चार नंबरला जा, तर पुलावर तो कुठला चार धरणार? दोन रेल्वेंचे दोन चार होते!"

मला हे शंभर टक्के पटतं. दोन रेल्वेंची हद्द हा त्यांच्या कारभाराचा भाग. प्रवाशाला गाडी पकडायची असते, त्याने त्या हद्दीचा ताप का सोसावा?

मास्तरांनी लंडनचा दाखला दिला. तिथल्या भुयारी रेल्वेचा १९३३ चा नकाशा हॅरी बेकने केला, विजेच्या सर्किटची ड्रॉइंग काढणारा माणूस. रेघा उभ्या, आडव्या नाहीतर ४५ अंशांत तिरक्या. खरी अंतरं त्याने सोडूनच दिली, कारण जमिनीखाली बसलेल्याला गाडी कुठे बदलायची एवढंच हवं असतं.

"मग न्यूयॉर्कमध्ये का फसलं?" अण्णाचा पुतण्या डिझाइन शिकतो, तो मध्ये पडला. "व्हिग्नेली या डिझायनरचा तिथल्या भुयारी रेल्वेचा १९७२ चा नकाशा असाच सुबक होता. पण लांबुळकं सेंट्रल पार्क चौकोनी झालं, तेही राखाडी. लोकांची कुरकुर थांबेना, १९७९ मध्ये बदलावा लागला. माणूस स्टेशनातून वर येतो ना, तेव्हा त्याला खरं शहर लागतं."

मुद्दा बिनतोड होता.

वहिनींनी गप्पांची गाडी फलाटावरच्या इंडिकेटरवर आणली. "वेळ, कुठली गाडी, धिमी की जलद, बारा डबा की पंधरा. जिना उतरता उतरता कळतं. पंधरा डबा असेल तर उभं कुठे राहायचं तेही बदलतं. पण भाषा आळीपाळीने येतात. एकच लिपी वाचता येणाऱ्याने गाडी समोर लागलेली असताना थांबून राहायचं? त्यापेक्षा फलाटावरचे तिरके पट्टे बरे. लेडीज, फर्स्टक्लास कुठे येणार ते तिथेच कळतं, अक्षरओळख नसली तरी."

अण्णा शेवटी थोडा नमला. "ठीक आहे, पण जुना नंबर पाच-सहा वर्षं तरी कंसात ठेवा."

"अजिबात नाही," पेंटर म्हणाला. "एका पाटीवर दोन आकडे आले की नवा माणूस पुन्हा अडकला."

मला वाटतं, जुना नंबर घोषणेत सांगावा, पाटीवर नको. अण्णाला ते अजून मान्य नाही.