काळी दिसली म्हणून ती नायट्राइल नव्हे

नाशिकच्या अंबड-सातपूर कारखान्यांतल्या मेंटेनन्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओ-रिंगांबद्दल (मशीनच्या सांध्यातून तेल गळू नये म्हणून बसवायच्या रबरी कड्या) एक मेसेज फिरतोय : "काळी ओ-रिंग म्हणजे नायट्राइल. ती कुठल्याही तेलाला चालते, ब्रेक ऑइललासुद्धा. व्हिटॉनवर पैसे घालवू नका. रबर कपाटात कितीही वर्षं टिकतं."

नायट्राइल आणि व्हिटॉन ही रबराचीच दोन नावं, त्यातलं व्हिटॉन महाग. मेसेजमधलं ब्रेकचं वाक्य जिवावर बेतणारं आहे, म्हणून आधी तेच. नावात ऑइल असलं तरी डॉट ३, डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल हे खनिज तेल नाही. ते ग्लायकॉलवर बनतं. त्यात नायट्राइल फुगतं, मऊ पडतं. तिथे ईपीडीएम हे वेगळं रबर लागतं. आणि हेच ईपीडीएम हायड्रॉलिक ऑइलमध्ये घातलं की फुगतं.

दोन्ही रिंगा काळ्याच असतात, कारण दोन्हींत कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी पूड असते. आमच्या हायड्रॉलिक प्रेसच्या सिलिंडरला अशीच 'काळी' रिंग बसली आणि थोड्याच दिवसांत रॉडवरून तेल ओघळायला लागलं. काढून बघितली तर बोटाला लिबलिबीत, ग्रूव्हमध्ये, म्हणजे तिच्या खाचेत न मावणारी, एका कडेने उंदराने कुरतडल्यासारखी. तेव्हापासून नवीन लॉटमधली एक रिंग व्हर्नियरने मोजून, मशीनमधल्याच तेलात चार दिवस बुडवून, पुन्हा मोजतो. तुम्हीही करा.

'कुठल्याही तेलाला' हेही खरं नाही. नायट्राइलमध्ये ॲक्रिलोनायट्राइल हा घटक साधारण 18 ते 50 टक्के असतं. ते जितकं जास्त, तितकी रिंग तेलाला टिकते, पण थंडीत लवकर ताठरते. निफाडचा पारा कितीही उतरला तरी त्याने काही अडत नाही. डीप फ्रीझरच्या मशीनला मात्र अडतं. आणि पार्ट थिनरने पुसून लगेच रिंग चढवू नका. थिनरमधल्या ॲसिटोनसारख्या द्रावकांपुढे नायट्राइल टिकत नाही.

व्हिटॉनबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. साठ अंशांवर चालणाऱ्या पॉवर पॅकला (मशीनला दाबाने तेल पुरवणारा पंप-टाकीचा संच) व्हिटॉन खरंच उधळपट्टी. पण नायट्राइलची मजल सतत 100, फार तर 120 अंशांपर्यंत. व्हिटॉन 200 पर्यंत जातं. काढलेली रिंग गोल न राहता चपटी, कडक झालेली दिसली, तर तिथे उष्णता जास्त आहे असं समजा.

राहिलं कपाट. नायट्राइलला हवेतला ओझोन वायू आणि ऊन सोसत नाही. भिंतीवर खिळ्याला टांगलेली जुनी रिंग काढून खिळ्यावर वाकलेली जागा ताणून बघा, आडव्या बारीक भेगा दिसतील. रिंगा पिशवीत, अंधारात, ओझोन सोडणाऱ्या विजेच्या मोटारींपासून लांब ठेवा आणि पिशवीवर मटेरियल, शोअर (रबराच्या कडकपणाचा आकडा) आणि तारीख लिहा.