वारली ‘जशीच्या तशी’ कधी होती?

सध्या एक मजकूर ग्रुपाग्रुपांत फिरतोय. सारांश असा: वारली चित्रकला दहा हजार वर्षांपासून जशीच्या तशी चालत आलीय, ती कुणा एकाची नाही, त्रिकोण-वर्तुळ जमलं की कुणालाही काढता येते, आणि कॅनव्हासवर चढून परदेशी गॅलरीत गेली त्या दिवशी ती मेली. ऐकायला बरं वाटतं, पण त्यातलं बहुतेक चूक आहे.

वयाचं आधी उरकू. दहा हजारांचा आकडा मध्य प्रदेशातल्या भीमबेटकासारख्या प्राचीन गुहाचित्रांशी दिसणाऱ्या साम्यावरून उचललाय. पण साम्यावरून वंशावळ लागत नाही. कारवीच्या काटक्यांच्या कुडाला शेणमातीचं लिंपण, वर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाची रेघ. असली भिंत पुढच्या सारवणापर्यंत टिकली तरी खूप. परंपरा जुनी आहे, यात वाद नाही. आकडा मात्र ठोकून दिलेला.

‘कुणालाही काढता येते’ हे मला सगळ्यात खटकतं. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नघरी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात त्या सवाशिणी. चौकात मधोमध सुफलतेची पालघाट देवी, भोवती चंद्र-सूर्य, शिडी, फणी, बाशिंग. पंचशिऱ्या या पाच शिरांच्या देवाचा देवचौक वेगळा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत लग्न लावते. चौक नाही तर लग्न नाही. कुणी, कधी, कुठल्या भिंतीवर काय लिहायचं, हे सगळं पिढ्यांकडून आलेलं ज्ञान आहे, आणि ते भूमितीच्या पेटीत मिळत नाही. कॉफीच्या मगवर तारपेवाल्याकडे (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य) पाठ करून नाचणारी माणसं छापलेली मी पाहिलीयत. खऱ्या नाचात तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही!

आता ‘जशीच्या तशी’. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देणारे हेच. इथे त्यांना भेटले डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्याचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे. बायकांनी लग्नापुरतं करायचं काम हा पुरुष लग्नकार्य नसताना, रोज करत होता. म्हणजे रीत मोडली ती पाड्यावरच, गॅलरीच्या कितीतरी आधी. त्यांची मासेमारीची चित्रं बघा. बारीक बारीक रेघांचं जाळं जवळजवळ सगळा कागद व्यापतं, माणसं त्यापुढे इवलीशी. जाळं पाण्यात कसं पसरतं हे ठाऊक असलेला हातच असं काढू जाणे. 1975 साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, 2003 मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या जोडीनं, आणि 2011 मध्ये पद्मश्री.

आणि मेली म्हणता? गंजाडचेच वारली चित्रकार राजेश वांगड 2013 पासून छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर काम करतायत. गिल यांनी त्याच परिसरात काढलेल्या कृष्णधवल फोटोंवर वांगड शाईनं चित्र भरतात. फोटोत दिसतो तो आजचा माळ. त्यावर उतरतं आठवणीतलं आणि थोरांच्या तोंडून ऐकलेलं गाव, जंगल, देव, आलेली संकटं. कॅमेऱ्याच्या आवाक्यात नसलेला इतिहास रेघेनं सांगितलाय. पूर्वजांचं ज्ञान आणि आजची कला जोडायची म्हणजे आणखी काय करायचं असतं?

तक्रार करायचीच तर वेगळी करा. कागद आला, पैसा आला आणि नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी प्रदर्शनांच्या कॅटलॉगमध्ये शोधाव्या लागतात. त्या मजकुरात याबद्दल एक ओळ नाही.

राहिलं ‘कुणा एकाची नाही’. 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे वस्तू कुठल्या भागाची याची कायदेशीर नोंद, मिळालं. पण त्यानं संरक्षण मिळतं ते फक्त ‘वारली’ या नावाला, चित्राला नाही. तीच चित्रं ‘ट्रायबल प्रिंट’ म्हणून चादरीवर छापणारा कारखानदार सहज निसटतो. तेव्हा घेताना चित्राखाली सही आहे का, पाड्याचं नाव आहे का, ते बघा. नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा, काढलंय कुणी?