धुण्याच्या पाण्यापासून रिकाम्या बाटल्यांपर्यंत: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

आमच्या भागातील व्हॉट्सॲप गटांवर धुण्यातील काटकसरीचा एक संदेश उन्हाळ्यापासून फिरतो आहे. धुण्याचे सगळे पाणी माडा-पोफळींना घालावे, ब्लीच व साबणाच्या रिकाम्या डब्या-बाटल्यांत जिन्नस भरावेत, उरलेले ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळून न्हाणी घासावी, निळीच्या पाण्याची बाटली फाटकाला टांगून कुत्री दूर ठेवावीत आणि रीठा नैसर्गिक असल्यामुळे त्याचे पाणी कोठेही सोडावे, असे त्यात म्हटले आहे. ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही जांभ्याच्या सड्यावरील, म्हणजे लाल सच्छिद्र दगडाच्या पठारावरील, विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ गाठतात, त्यामुळे पाणी दुसऱ्यांदा वापरण्याच्या धडपडीबद्दल मला आदरच आहे. तरीही यातील बहुतेक उपाय जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत.

न्हाणीचे पाणी पूर्वी मागील दारच्या अळवाला आणि केळींना जात असे व त्या जोमाने वाढत, हा संदेशाचा मुख्य आधार आहे. ते खरेच आहे, पण त्या पाण्यात राख, रीठा आणि शिकेकाई असे. राखेतील पाण्यात विरघळणारा क्षार मुख्यत्वे पोटॅशचा असतो आणि पोटॅश केळीला भरपूर लागते. आजच्या पावडरीत मात्र धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, असतो. सोडियम साठत गेले की मातीच्या कणांची घडण मोडते, माती घट्ट बसते आणि पाणी नीट मुरत नाही. जांभ्याची माती आम्लधर्मी असल्यामुळे सोडा तिला मानवेल, असा युक्तिवाद काही जण करतात. परंतु आम्लता कमी करण्यासाठी चुना घालतात तो त्यातील कॅल्शियम मातीचे कण धरून ठेवते म्हणूनही, आणि सोडियमचे काम नेमके उलटे आहे. माडाला मीठ चालते, मग सोडा का नको, या प्रश्नाचेही उत्तर आहे: माडाला मिठातील क्लोराइड उपयोगी पडते, आणि ते सोड्यात नसते. म्हणून फेसाचे पहिले पाणी शौचालयासाठी व न्हाणी धुण्यासाठी ठेवावे. शेवटचे खळबळलेले पाणी आळ्यात घालण्यास हरकत नाही, मात्र रोज त्याच झाडाला घालू नये.

रिकाम्या डब्यांचे प्लॅस्टिक सुगंधी द्रव्ये शोषून घेते आणि कितीही धुतले तरी वास पुरता जात नाही; आंबट, खारट आणि ओलसर आमसुले तर त्यांत मुळीच भरू नयेत. चिमटे किंवा खिळे ठेवण्यासाठी ते उत्तम आहेत. पिण्याचे पाणी मात्र कधीही भरू नये, कारण अशा बाटलीतून पाणी पिण्याची सवय लागलेले मूल उद्या तशीच दुसरी, ब्लीचने भरलेली बाटली तोंडाला लावेल.

ब्लीच आणि व्हिनेगर यांचा उपाय सरळ घातक आहे. ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट आम्लाशी मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, जो डोळे, घसा आणि फुप्फुसे भाजतो. शौचालय साफ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असल्यामुळे तेही ब्लीचबरोबर वापरू नयेत. आमच्याकडील न्हाण्या लहान, बऱ्याचदा एकाच झरोक्याच्या असतात, तेथे हा धोका अधिकच वाढतो. हा एक मजकूर तरी पुढे पाठवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निळीच्या बाटलीचे थोडक्यात सांगता येईल. कुत्र्यांना निळा रंग दिसतो, पण तो दिसल्याने त्यांनी भ्यावे असे काहीही कारण नाही.

राहिला रीठा. कपड्यांसाठी तो सौम्य आहे, हे मान्य. परंतु ज्या सॅपोनिनमुळे त्याला फेस येतो, ते माशांना विषारी असते. उन्हाळ्यात पऱ्ह्याच्या, म्हणजे लहान ओढ्याच्या, डोहात जेमतेम पाणी उरते आणि मासे त्यातच अडकून राहिलेले असतात, म्हणून रीठ्याचे पाणी पऱ्ह्यात कधीही ओतू नये. ते विहिरीपासून दूरच्या माडाच्या आळ्यात घालावे. मातीतील सूक्ष्मजीव सॅपोनिनचे हळूहळू विघटन करतात.