शिष्यवृत्ती हवी असल्यास आजोबांनी घ्यावयाची काळजी

ज्यांच्या घरातून यंदा पहिलेच मूल महाविद्यालयाची पायरी चढले आहे आणि ज्यांचे घर मुळात दुसऱ्या मुलखातून पोटासाठी इकडे आले आहे, अशा पालकांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. मार्गदर्शन करण्याचा अधिकार मला अलीकडेच प्राप्त झाला. भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावी वीटभट्टीवर राबणाऱ्या एका छत्तीसगडी कुटुंबातील मुलगी, जिला मी पाचवीपासून सातवीपर्यंत शिकवले, बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि बी.एस्सी.ला गेली. तिच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देण्याचे मी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मोठ्या उत्साहाने मान्य केले. "एका दिवसाचे काम आहे," असे मी तिच्या वडिलांना म्हणालो होतो. ते वाक्य मी जाहीरपणे मागे घेतो.

पहिली सूचना विद्यार्थ्यासाठी नसून त्याच्या आजोबांसाठी आहे, कारण जातीचा दाखला मिळायला घर एका ठराविक तारखेला कोठे होते याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीच्या आजोबांनी १० ऑगस्ट १९५० रोजी, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या आजोबांनी २१ नोव्हेंबर १९६१ रोजी आणि इतर मागासवर्गीय आजोबांनी १३ ऑक्टोबर १९६७ रोजी आपल्या मूळ गावी हजर राहावे, आणि हजर असल्याचा लेखी पुरावा करून तो नातवंडांसाठी कोरड्या जागी जपून ठेवावा. त्या सुमारास घरात एखादा जन्म घडवून आणता आला तर फारच उत्तम, म्हणजे कोतवाल पंजीत, गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, जातीसह नोंद होते. शाळेत नाव घातले असेल तर दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. गावात शाळा नसेल, किंवा असूनही आजोबांना आत घेत नसतील, तर आजोबांनी तसे मुख्याध्यापकांकडून लिहून घ्यावे.

भटक्या जमातीच्या आजोबांनी निदान त्या एका दिवशी भटकू नये.

दुसरी सूचना: आपले नाव आयुष्यभर एकाच पद्धतीने लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी विशेष काळजी घ्यावी. या मुलीच्या आईच्या आधार कार्डावर नावापुढे 'बाई' आहे, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर ती नाही, आणि या दोन अक्षरांच्या अंतरात एक प्रतिज्ञापत्र, दोन फेऱ्या आणि तीन दिवसांची मजुरी गेली.

उत्पन्नाचा दाखला सोपा आहे. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते, आणि हजार विटांमागे मजुरी घेणाऱ्या माणसाला ही मर्यादा पाळण्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत. त्यासाठी फक्त तलाठ्यांचा अहवाल हवा. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. सापडतात मात्र तलाठी असताना सापडत तितकेच. अहवालासाठी शिधापत्रिका हवी, आणि शिधापत्रिकेवरच्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी झालेली हवी. ती रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा टेकवून होते. मुलीच्या आईचा अंगठा यंत्र घेईना. तिने तो पदराला पुसला, पुन्हा टेकवला. मग दुसरा, मग तर्जनी, मग एकेक करून दहाही बोटे. गेली चोवीस वर्षे ओली वीट साच्यातून काढून, वाळली की रचून, भाजली की उचलून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. माझ्याकडे वळून ती ओशाळल्यासारखी म्हणाली, "गुरुजी, माझा आंगठा मशीनले दिसतच नाही जी." यंत्रावर बसलेल्या तरुणाने सहानुभूतीने उपाय सांगितला की पंधरा दिवस विटांना हात लावू नका, रेषा परत येतात. तेव्हा तिसरी सूचना अशी की, मुलांना शिकवायचे असल्यास आईने काम करू नये.

बँक खाते आधारशी जोडलेले असावे. जोडलेले आहे असे बँक म्हणते आणि नाही असे संकेतस्थळ म्हणते, तेव्हा दोघांचेही शांतपणे ऐकून घ्यावे.

मोबाईल क्रमांक बदलू नये. मोबाईल पडू देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, आणि ती आहे राज्य निवडण्याबाबत. मुलीचे वडील मूळचे डोंगरगडपलीकडचे. २००० सालच्या दिवाळीनंतर ते बायकोला घेऊन भट्टीवर यायला निघाले तेव्हा त्यांचे गाव मध्य प्रदेशात होते. इथे येऊन पहिली भट्टी लागण्याच्या आतच, १ नोव्हेंबरला, ते गाव छत्तीसगडात गेले. मुलगी इथल्या सरकारी दवाखान्यात जन्मली, इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, मराठीत बोलते, मराठीत भांडते, आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट केव्हाच पूर्ण झाल्यामुळे तिच्याजवळ महाराष्ट्राचा अधिवास दाखला आहे. तिची जात महाराष्ट्राच्या अनुसूचित यादीत आहे आणि छत्तीसगडच्याही. दोन्ही याद्यांत जात आहे म्हटल्यावर मी निर्धास्त होतो. अर्ज तपासणाऱ्या कचेरीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी मला समजावले की, वडिलांची जात तिकडची असल्यामुळे जातीचा दाखला तिकडून आणावा लागेल. आम्ही गोंदियाहून गाडी पकडून तिकडे गेलो. तिकडे कोतवाल पंजी हा शब्द कोणी ऐकलेला नाही, तिकडे मिसल, म्हणजे जमिनीची जुनी सरकारी नोंद, मागतात. मिसलमध्ये ज्या खातेदारांची नावे आहेत त्यांत आजोबांचे नाव नाही, कारण नाव यायला जमीन लागते आणि आजोबांकडे ती कधीच नव्हती. ग्रामसभेचा ठराव चालतो असे कळले, म्हणून ग्रामसभेची वाट पाहिली. अखेर तीन फेऱ्यांनंतर दाखला हाती आला, तेव्हा मुलीच्या वडिलांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरून आणला. खिडकीतल्या गृहस्थांनी तो पाऊण मिनिट पाहिला आणि म्हणाले, "सर, हा तर परराज्याचा दाखला आहे. इकडे चालत नाही."

"मग तिकडे अर्ज करावा का?"

"तिकडे रहिवासी लागते ना सर. ती तर महाराष्ट्राची आहे."

मी गेली सत्तावीस वर्षे मुलांना भूगोल शिकवतो. भारताच्या नकाशात ही मुलगी नेमकी कोठे बसते, हे मला त्या खिडकीपुढे उभे राहून सांगता आले नाही.

घरी येऊन मी नियम वाचले, आणि नियम लहरी नाहीत हे कबूल केले पाहिजे. अनुसूचित जातींची यादी त्या त्या राज्याच्या संबंधात असते असे घटनेचे ३४१ वे कलम सांगते, आणि एका राज्यात अनुसूचित असलेल्या माणसाला दुसऱ्या राज्यात गेल्यावर तोच हक्क आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली, मुंबईत वैद्यकीय प्रवेश मागणाऱ्या आंध्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितले. एका मुलखात जी जात पिडलेली आहे ती दुसऱ्या मुलखात तशीच पिडलेली असेल असे नाही, हा त्यामागचा विचार. विचार म्हणून तो मला समजतो. फक्त आमच्या गावाने तो वाचलेला नाही. या मुलीचे आईबाप गावात आले तेव्हा त्यांची जात ओळखायला गावाने कोणाकडे दाखला मागितला नव्हता. पहिल्याच आठवड्यात ओळखली होती, आणि त्यांची झोपडी कोणत्या बाजूला पडावी हेही त्याच आठवड्यात ठरले होते. त्या कामात गावाला राज्याची सीमा आडवी आली नाही.

आणि सीमेचेच म्हणाल, तर ज्या १० ऑगस्ट १९५० या तारखेचा एवढा जप चालतो, त्या दिवशी आमचा भंडारा जिल्हा आणि तिच्या आजोबांचा दुर्ग जिल्हा एकाच राज्यात होते. त्या राज्याचे नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. माझे आजोबा आणि तिचे आजोबा त्या दिवशी एकाच सरकारचे प्रजाजन होते. पुढे १९५६ साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला. दोघांपैकी एकही म्हातारा जागचा हलला नव्हता. मी हे खिडकीत सांगितले. गृहस्थ म्हणाले की हे संकेतस्थळावर टाकायला रकाना नाही.

बरे झाले, १९१३ साली बडोद्यात संकेतस्थळ नव्हते. महूला जन्मलेला, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात असलेला, मुंबईत शिकलेला एक तरुण सयाजीराव गायकवाडांपुढे उभा राहिला, आणि महाराजांनी त्याला अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. कागद त्यांनीही करून घेतला होता, पण तो परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. त्या तरुणाने पुढे काय केले हे ज्या कचेऱ्यांच्या भिंतीवर त्याची तसबीर लावलेली आहे त्यांना मी सांगायला नको.

उरलेल्या सूचना मी वहीत लिहून ठेवल्या होत्या, पण त्या लिहिण्याची आता इच्छा राहिली नाही. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे हे मला ठाऊक आहे, कृपया कळवू नये. ही मुलगी बी.एस्सी. करते आहे. खुल्या प्रवर्गातून दुसऱ्या योजनेत अर्ज करा, हेही मला सांगून झाले आहे. करू. पण रोज घरून ये-जा करणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला या शिष्यवृत्तीत मिळणारा निर्वाह भत्ता वर्षाला तीन हजार रुपये आहे, आणि तो मिळवण्यासाठी तिच्या बापाने आजवर त्याहून जास्त मजुरी बुडवली आहे. हा हिशोब कोणीतरी एकदा मोठ्याने वाचावा.

अहो खिडकीतले साहेब, अर्जात पाच त्रुटी असतील तर त्या पाचही एका दिवशी सांगायला तुमचे काय जाते? तुम्ही एक त्रुटी सांगता, माणूस चाळीस किलोमीटर जाऊन ती दुरुस्त करून येतो, मग दुसरी सांगता. पहिल्याच दिवशी 'परराज्याचा दाखला चालणार नाही' असे म्हणाला असतात तर तीन फेऱ्या वाचल्या असत्या; तुम्हाला ते तेव्हाही ठाऊक होते. तुमच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या घरात कागद वाचणारे आजवर कोणीच नव्हते, म्हणून तर ही योजना आहे. तीन पिढ्यांचे कागद नीट लावलेली फाईल ज्याच्या घरात असते, त्याला तुमची गरज पडत नाही. आणि महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या बाई, 'शिष्यवृत्तीचे काय ते झाल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म भरून घेणार नाही' हे त्या मुलीला चाळीस पोरांसमोर सांगायचे कारण नव्हते. ती तुमच्यापुढे रडली नाही. रडली ती माझ्या ओट्यावर, सायकल स्टँडला लावताना.

आणि गावकरी मंडळी, तुम्हीही. पारावर बसून 'बाहेरचे येऊन आपल्या सवलती खातात' हे तुम्ही कोणाला उद्देशून म्हणता ते मला ऐकू येते. काय खाल्ले तिने? यादी द्या, मी अर्जाला जोडतो.

दिवाळीनंतर भट्टी सुरू होईल. सध्या धान कापणी चालू आहे, विळ्याच्या मुठीने निदान रेषा जात नाहीत, आणि तिच्या आईच्या उजव्या अंगठ्यावर त्या पुसटशा दिसू लागल्या आहेत. काल तिने मला दिव्याखाली धरून दाखवल्या. म्हणून भट्टी लागायच्या आत, येत्या मंगळवारी, आम्ही तिघे पुन्हा येत आहोत. साडेदहाला पोहोचू. खिडकीवर कोणीतरी असा.