तोच रेणू, शेजार वेगळा : किडनीच्या दाहावरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी नायट्रिक ऑक्साइड या शरीरातच बनणाऱ्या वायूला 'किडनीचा राखणदार' म्हटलं, पण दाह पेटलेल्या किडनीत हाच वायू भरमसाट तयार होतो आणि पेशी मारतो, तेव्हा माझा लेख अर्धवट आहे. मग तुम्ही लिहिलंत, 'ई-नॉस चांगलं, आय-नॉस वाईट; वाईट तेवढं बंद करा, विषय संपला.' (नॉस म्हणजे हा वायू बनवणारी विकरं, एन्झाइम्स; ई-नॉस रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं, आय-नॉस दाहात तयार होणारं.) आणि शेवटी विचारलंत, की असं वाचून लोक आर्जिनिनच्या, म्हणजे हा वायू ज्यापासून बनतो त्या अमिनो आम्लाच्या, पावडरी घेऊ लागले तर जबाबदारी कोणाची?

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. १९९८ साली या शोधाला नोबेल मिळालं, तेव्हापासून या वायूबद्दल कौतुकानेच लिहायची सवय पडली आहे आणि मीही तेच केलं. 'राखणदार' हा शब्द काढून टाकला आहे. दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर सांगते.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे येतो आणि ग्लोमेरुलसमधल्या, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्यांमधल्या, केशवाहिन्यांच्या गुंत्यातून गाळला जातो. रक्त वाहताना आतल्या अस्तराला जे घासत जातं, त्याने अस्तरातलं ई-नॉस हे विकर चालू राहतं आणि आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड अगदी थोडं थोडं सुटत राहतं. ते टिकतं जेमतेम काही सेकंद. आता एखादी पांढरी पेशी डोळ्यांसमोर आणा. ती अस्तरावरून घरंगळत येते, चाचपडते, धरायला काही मिळतंय का बघते. अस्तरावर व्हीकॅम-१ सारखे आकडे उगवलेले असले तर ती तिथेच रुतते, आत शिरते आणि दाह सुरू होतो. आकडे नसले तर प्रवाहाबरोबर पुढे जाते. नायट्रिक ऑक्साइड हे आकडे फारसे उगवू देत नाही, कारण ते उगवण्याचा हुकूम देणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला ते दाबून धरतं.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजराच्या आतड्याच्या पडद्यातल्या बारीक शिरांत हा वायू तयार होणंच औषधाने रोखलं. पांढऱ्या पेशींचं चिकटणं १५ पटींहून जास्त वाढलं. हा प्रयोग किडनीतला नव्हे, हे मूळ लेखात सांगायचं राहिलं होतं, ती माझी चूक. पण किडनीतला पुरावाही कमी नाही. ई-नॉसचं जनुक काढलेल्या उंदरांना मधुमेह झाला की त्यांच्या किडन्यांत माणसासारखी पुढच्या टप्प्याची विकृती दिसते. साध्या मधुमेही उंदरांत ती सहसा दिसत नाही. शिवाय किडनी निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तात एडीएमए हा रेणू साचतो, आणि तो नॉस विकरांनाच अडवतो, हे १९९२पासून माहीत आहे. म्हणजे पांढऱ्या पेशींवर असलेला या वायूचा धाक आजार आपल्याच हाताने काढून घेतो.

आता तुमचं आय-नॉस. मॅक्रोफेज या भक्षक पेशी, ग्लोमेरुलसला आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी, नलिकांच्या पेशी, या सगळ्यांना टीएनएफ किंवा इंटरफेरॉन-गॅमा या दाहाच्या निरोप्या प्रथिनांकडून निरोप मिळाला की त्या आय-नॉस बांधतात. ई-नॉसला कॅल्शियमचा इशारा लागतो आणि तो थांबला की तेही मंदावतं. आय-नॉसला तसा इशारा लागत नाही; एकदा बांधलं की ते तासन् तास, कधी कधी दिवसच्या दिवस चालू राहतं. पण नुसता वायू जास्त झाला म्हणून पेशी मरतात, असं समजणं अपुरं आहे. त्याच जागी, त्याच वेळी दाहाच्या पेशी सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा उपद्रवी प्रकारही सोडत असतात. दोन्ही भेटले की पेरॉक्सिनायट्राइट बनतं, आणि ही भेट इतकी झटपट होते की सुपरऑक्साइड निकामी करणारं विकरही मागे पडतं. पेरॉक्सिनायट्राइट प्रथिनांमधल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर नायट्रोटायरोसिन नावाची खूण ठेवून जातं. किडनीच्या तुकड्याच्या काचपट्टीवर नायट्रोटायरोसिनचा रंग चढवला की इजा झालेल्या नलिका तपकिरी दिसतात. सूक्ष्मदर्शकातून ते एकदा पाहिलं की 'राखणदार' लिहिताना हात अडखळायला हवा होता, हे तुमचं म्हणणं मी मनापासून स्वीकारते.

तरीही तुमची चांगलं-वाईट वाटणी टिकत नाही. टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा सहघटक कमी पडला की तुमचं 'चांगलं' ई-नॉस स्वतःच सुपरऑक्साइड बनवू लागतं, आणि दाहात हा सहघटक कमी पडतोच. उलट बाजूने, 'वाईट' आय-नॉस काढून टाकलेल्या उंदरांच्या किडन्यांचा रक्तपुरवठा काही काळ तोडला तर इजा कमी होते, हे खरं; पण प्रतिपिंडांनी पेटवलेला ग्लोमेरुलसचा दाह त्याच जनुकाशिवायही पेटला. आजार बदलला की निकाल बदलतो. म्हणून मी विकराचं नाव विचारण्याआधी विचारते : कुठे, किती, आणि शेजारी कोण आहे?

'बंद करा' हे माणसांवर करूनही पाहिलेलं आहे. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो तेव्हा, नॉस रोखणाऱ्या ५४६सी८८ या औषधाची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. २००४ साली तिचे आकडे छापून आले : २८ दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी ५९ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. तुम्ही म्हणाल, ते औषध निवडक नव्हतं, त्याने अस्तराचंही विकर बंद पाडलं. अगदी बरोबर, आणि माझी धास्ती तीच आहे.

पावडरीबद्दल तुम्ही विचारलंत ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याची जबाबदारी माझी आहे. कच्चा माल वाढवला की चांगलं काम वाढेल, हा हिशेब शरीरात जुळत नाही. आर्जिनिन फक्त नॉसकडेच जात नाही, आर्जिनेज या दुसऱ्या विकराकडेही जातं, आणि तिथून प्रोलिन तयार होतं, म्हणजे व्रणाच्या धाग्यांचा कच्चा माल. ग्लोमेरुलसचा दाह घडवलेल्या उंदीरवर्गी रॅट प्राण्यांत इजा होत असतानाच आर्जिनिन दिलं तर इजा आणि नंतरचा व्रण वाढला. इजेचा भर ओसरल्यावर दिलं तर फायदा दिसला. पदार्थ तोच, फक्त दिवस वेगळा. माणूस घरी बसून तो दिवस कसा ओळखणार? हृदयविकाराच्या झटक्यानंतर आर्जिनिन देऊन पाहिलेली चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. १५३ रुग्ण होते. आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत एकही नाही, आणि चाचणी थांबवली. ती हृदयाची होती, किडनीची नव्हे. पण किडनी कमजोर असलेल्या कितीतरी जणांचं हृदयही कमजोर असतं.

पावडरींविषयीचा परिच्छेद लेखात अगदी वर नेते आहे, तुमच्या हरकतीचा उल्लेख करून. कोणी आधीच अशी पावडर घेत असेल तर त्यांनी तो डबा आणि क्रिएटिनिनचे जुने-नवे रिपोर्ट घेऊन आपल्या किडनीच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जावं.