आलेले पान टाकावे कसे?

कोल्हापूरच्या माणसाच्या हातात तीन पत्ते दिले की तो तीन पत्तीच खेळतो, मग वाटणाऱ्याने खेळाचे नाव काहीही सांगितलेले असो. गेली दोन-तीन वर्षे कोजागिरीच्या रात्री मंगळवार पेठेतील आमच्या गच्चीवर जो पोकर चालतो, त्याचे खरे नाव ‘पायनॅपल’ असे आहे. परंतु पुण्याहून तो शिकून आलेल्या भाच्याने हे नाव पहिल्यांदा उच्चारले त्याच क्षणी आत्याबाईंनी ‘अननस’ असे त्याचे बारसे करून टाकले आणि तेच रूढ झाले. या खेळात प्रत्येकाला तीन पाने मिळतात, मधली पाने उघडण्यापूर्वी त्यांतले एक पालथे टाकून द्यावे लागते, आणि हातात उरलेली दोन व मध्ये टप्प्याटप्प्याने उघडणारी पाच अशा सात पानांतून उत्तमात उत्तम पाच पानांचा डाव लावायचा असतो. म्हणजे सारी मदार टाकायचे पान कोणते निवडले यावर असते. इतके महत्त्वाचे काम हमखास कसे बिघडवावे, याविषयी मी भरपूर शेंगा हरून जे ज्ञान कमावले आहे, ते आपल्यासारख्या होतकरू खेळाडूंपुढे विनामूल्य ठेवीत आहे.

शेंगा हा शब्द मी अक्षरशः वापरला आहे. 1887 सालचा जुगार प्रतिबंधक कायदा अजून शाबूत आहे, आणि गच्चीवर छापा पडून दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर आपली नावे मोठ्याने वाचली जावीत अशी घरात कोणाचीच इच्छा नाही. त्यामुळे प्रत्येकाला एक वाटी भाजलेल्या शेंगा भांडवल म्हणून मिळतात. भांडवल खाता येत असल्यामुळे आमचे मामा पहिल्या तासातच, एकही डाव न हरता, कंगाल होतात. रात्र संपल्यावर टरफले कोणीच उचलत नाही आणि जो तो लोकमान्यांच्या गोष्टीचा आधार घेतो, हे ओघाने आलेच.

आता मुख्य विषय. पहिली गोष्ट म्हणजे हातातली तीन पाने नेहमी तीन पत्तीच्या डोळ्यांनी पाहावीत. गेल्या कोजागिरीला दाजींना तीन राण्या आल्या. दाजी म्हणजे आमच्या थोरल्या ताईंचे यजमान. शेजारी पानाची चंची, अंगावर शाल, आणि चेहऱ्यावर ट्रेल, म्हणजे तीन सारखी पाने, आल्याचे तेज इतके स्पष्ट की चंद्राची गरज भासू नये. तीन पत्तीत हे तेज अगदी रास्त आहे. तीन पानांचे एकूण 22,100 डाव होतात आणि त्यांत ट्रेल अवघे 52 असतात, म्हणजे सरासरी 425 वाटपांत एकदा. (पक्की सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची लागोपाठची पाने, तर 48 च असते, म्हणजे मोजणीच्या हिशेबाने तीच ट्रेलच्या वर बसायला हवी होती, पण आपल्याकडे मानपान मोजणीने ठरत नाहीत.) अननसात मात्र या तीन राण्यांतली एक टाकून द्यावी लागते, आणि ती टाकली की गड्डीत उरते एकटी चौथी राणी. न पाहिलेल्या 49 पानांत हवे असलेले पान एकच. मधली पहिली तीन पाने उघडतील तेव्हा ती त्यांत असण्याची शक्यता 100 पैकी 6 एवढीच. याउलट दोन राण्या आणि एखादी भिकार चव्वी आली असती, तर चव्वी आनंदाने टाकून दोन्ही राण्या गड्डीत शिल्लक राहिल्या असत्या आणि हीच शक्यता 100 पैकी 12 झाली असती. राण्यांची जोडी तरीही मोठीच, त्यामुळे दाजींचे फारसे बिघडत नव्हते. पण हेच तीन सत्त्या किंवा तीन पंज्या आल्यावर घडले, तर हाती उरते ती एक लहानशी जोडी, जिची तिसरी बहीण आपण स्वतःच्या हाताने घराबाहेर काढलेली असते.

“दाजी, एक पान टाका,” असे आम्ही चार वेळा म्हटले.

“आलेली राणी टाकायची? घरात आलेल्या लक्ष्मीला जा म्हणायचं व्हय?” दाजींनी विचारले, आणि ताईंनी मान डोलावल्यामुळे प्रश्न तात्त्विक पातळीवर गेला. भाच्याने नियम पुन्हा सांगितला, की शेवटी ज्याच्या हातात तीन पाने सापडतील त्याचा डाव बाद. दाजींनी बराच वेळ विचार केला, मसाला दुधाचा एक घोट घेतला, आणि अखेर टाकलेल्या पानांच्या ढिगाकडे हात नेऊन काहीतरी पालथे सरकवले. आपणही हेच करावे. टाकताना इतका वेळ घ्यावा, इतका सुस्कारा सोडावा, की हातात उरलेली दोन पाने कोणती हे डाव्या बाजूच्या माणसासही समजावे.

दुसरा उपदेश एक्क्याविषयी आहे. एक्का आला की सोबत काय आहे हे पाहण्याचा क्षुद्रपणा करू नये. एक्का आणि तिर्री, एक्का आणि छक्की, काहीही चालेल. एक्का ठेवावा, वाटी पुढे ढकलावी आणि बाकीच्यांकडे करुणेने पाहावे. सहा जण खेळत असताना 18 पाने वाटली जातात. आपल्या तीन पानांत एकच एक्का असेल, तर उरलेल्या पाच जणांपैकी कोणाच्या तरी वाट्याला दुसरा एक्का गेलेला असण्याची शक्यता 100 पैकी 67 च्या घरात जाते. त्या माणसानेही तो टाकलेला नसणार, कारण तोही कोल्हापूरचाच. मग मध्ये एक्का उघडतो, दोघेही मनातल्या मनात जिंकतात, शेंगांचा ढीग वाढत जातो, आणि शेवटी त्याच्या एक्क्याशेजारी राजा निघतो व आपल्या एक्क्याशेजारी तिर्री. खासबागेच्या मैदानात नामांकित पैलवान उतरवावा आणि त्याला लंगोट मात्र शेजाऱ्याचा मागून आणावा, असा हा प्रकार आहे. तरीही एक्क्याची प्रतिष्ठा राखली पाहिजे, आणि त्यासाठी चार शेंगा गेल्या तर जाऊ द्याव्यात.

तिसरी गोष्ट कलरची, म्हणजे सारी पाने एकाच रंगाची (सारी किलवर किंवा सारी बदाम) जमण्याची, आणि इथे मामांचा अधिकार मोठा आहे. एका रंगाची दोन पाने हाती येणे हा त्यांना दैवी कौल वाटतो. त्यांना किलवरची राणी, किलवरची चव्वी आणि इस्पिकचा गुलाम आले की ते गुलाम टाकतात आणि राणी-चव्वीला उराशी धरतात, कारण ‘दोन्ही एकाच घरची’. वस्तुस्थिती अशी आहे की तीन पाने वाटली की दहांपैकी सहा वेळा त्यांत निदान दोन पाने एकाच रंगाची येतातच. असा कौल मामांबरोबरच गच्चीवरच्या निम्म्याहून अधिक मंडळींना एकाच वेळी मिळत असतो. अशी दोन पाने ठेवून, शेवटचे पान उघडेपर्यंत टिकून राहिले, तरी कलर पुरा होण्याचा योग 100 पैकी 6 ते 7 वेळाच येतो. तिन्ही पाने एका रंगाची आली असतील, तर त्यांतले एक आपल्यालाच टाकावे लागत असल्याने तो 5 वर घसरतो. गुलाम ठेवला असता तर राणी-गुलामाच्या शेजारात आठ्ठीपासून एक्क्यापर्यंत कितीतरी पाने उपयोगी पडली असती. राणी आणि चव्वी यांचे मात्र रंग सोडल्यास एकमेकींशी बोलणेही नसते.

याच प्रकरणाचा दुसरा पदर असा, की तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारते, आणि हा संस्कार आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. तो मुळीच विसरू नये. तीन पानांत साध्या सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096 होतात, म्हणून तिथे सिक्वेन्स वरचढ. पाच पानांचे एकूण 25,98,960 डाव धरले तर साध्या सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108 एवढेच, म्हणून इथे कलर वरचढ. भाच्याने हे कागदावर लिहून गच्चीच्या कठड्याला चिकटवले होते. मामांनी तो कागद शेंगांची टरफले ठेवायला घेतला, आणि मध्यरात्रीनंतर पाच पानांची सुरेख सिक्वेन्स मांडून, समोर वहिनींनी मांडलेल्या बदामाच्या कलरकडे दुर्लक्ष करून, ढीग स्वतःकडे ओढून घेतला. वहिनींनी तो परत ओढला. मामांना त्या रात्री जे वाटले ते अन्याय झालेल्या प्रत्येक माणसाला वाटते. फक्त त्यांच्या बाबतीत अन्याय झालेला नव्हता.

जोड्यांविषयी फार सांगत नाही. टीव्हीवर दाखवतात त्या दोन पानांच्या होल्डेम पोकरमध्ये हातात जोडी येण्याची शक्यता 17 त एक असते. इथे ती सहात एकाहून किंचित जास्त आहे, आणि निदान दोन एक्के हाती येण्याचा योग तिथे 221 वाटपांत एकदा, तर इथे 76 त एकदा. थोडक्यात, तीनांतून निवडायची मुभा आपल्यालाच मिळाली आहे असे प्रत्येकास वाटते, पण ती सर्वांना मिळालेली असते आणि त्यामुळे सर्वांचेच हात सुधारलेले असतात. होल्डेममध्ये जी पाने बरी म्हणावीत ती इथे सामान्य ठरतात. यावरून कोणी भित्रा माणूस असा निष्कर्ष काढील, की इथे निवड अधिक कडक हवी आणि बरेचसे डाव सुरुवातीलाच सोडून द्यावेत. आपण तसे करू नये. डाव सोडून बसलेल्या माणसाला स्वयंपाकघरातून दूध गरम करून आणायला पाठवतात, हे मी अनुभवाने सांगतो.

बसण्याची जागाही दूध आणि हवा पाहून निवडावी. सर्वांत शेवटी बोलणाऱ्याला आधीच्या पाच जणांनी काय केले ते दिसते, म्हणून दुबळी पाने तिथे थोडी अधिक चालतात आणि सर्वांत आधी बोलताना ती चालत नाहीत, असे भाचा म्हणतो. पण वाटप दर डावाला पुढे सरकत असल्याने हा त्रास कोण लक्षात ठेवणार?

इथवर वाचून आपणास वाटेल, की हा मनुष्य हिशेब जाणतो, तर जिंकतही असेल. म्हणून एक हकीकत सांगणे भाग आहे. त्याच रात्री मला इस्पिकचा एक्का, किलवरचा गुलाम आणि किलवरची दश्शी आली. गुलाम-दश्शी एका रंगाची, लागोपाठची, हातात हात घालून चालणारी. एक्का मोठा, पण गुलामाबरोबर ठेवला तर ज्याच्याकडे एक्का-राजा किंवा एक्का-राणी असेल त्याच्यापुढे पडणारा. दोन्ही निवडी मांडता येण्याजोग्या होत्या. मी डोळे मिटले, रंगाचे आणि सिक्वेन्सचे गणित केले, आणि ज्याला नुकतीच शहाणपणाची बाधा झाली आहे अशा माणसाच्या गांभीर्याने एक्का पालथा टाकला. मध्ये पहिली तीन पाने उघडली : बदामाचा एक्का, चौकटचा एक्का आणि कुठलीशी पंजी. चौथा एक्का आत्याबाईंकडे होता आणि त्याच्यासोबत त्यांनी दुर्री ठेवलेली होती.

“मी एक्का कधी टाकत नाही,” माझी वाटी आपल्या पदरात रिती करताना त्या म्हणाल्या, “तुझं ते गणित उद्या आमटीत घाल, पातळ झालीय.”

आत्याबाईंची निवड चुकीची होती आणि माझी बरोबर होती, या मतावर मी आजही ठाम आहे. हे मत मी घरात बोलून दाखवीत नाही.

राहिला शेवटचा शिष्टाचार. डाव संपला की आपण टाकलेले पान ढिगातून उपसून काढावे, सर्वांना दाखवावे आणि ‘हे ठेवलं असतं तर!’ असे म्हणावे. टाकलेले पान पुन्हा पाहू नये असा भाच्याचा नियम आहे खरा, पण हळहळ ही कोल्हापुरात खेळाचाच भाग मानतात. फुटबॉलची मॅच पाहून परतणारी पेठ आठवा. दाजींच्या तीन राण्यांच्या त्या डावातही असेच झाले. मध्ये पाच पानांत बदामाची राणी उघडली, शेंगांचा ढीग ताटाएवढा झाला, शेवटी दोघेच उरले, आणि भाच्याने आठ्ठ्यांचे फुल हाऊस (तीन आठ्ठ्या आणि एक जोडी) मोठ्या नम्रतेने मांडले. दाजींनी शाल सावरली आणि एक, दोन, तीन अशा तीन राण्या चटईवर ओळीने ठेवल्या.

“दाजी, तीन पानं? डाव बाद. तुम्ही एक टाकलं होतं ना?”

“टाकलं की.”

भाच्याने मोबाइलचा उजेड धरून टाकलेल्या पानांचा ढीग चाळला. तळाशी, मामांच्या इस्पिकच्या गुलामाखाली, चुना न लावलेले, देठ खुडलेले विड्याचे एक पान व्यवस्थित पालथे पडले होते.

“एक पान टाका म्हणालात,” दाजी म्हणाले, “टाकलं.”

जावयाला डाव बाद म्हणून सांगणारा माणूस आमच्या घरात अजून जन्मायचा आहे. ताईंनी शेंगांचा ढीग मुकाट्याने त्यांच्याकडे सरकवला, आणि आत्याबाईंनी चंचीतून काढलेल्या दुसऱ्या पानाला चुना लावून पुढच्या डावाची पाने पिसायला घेतली.